नमुना क्रमांक एकशे चौदा

काखेत धरून आणलीस ती बाटली
चोडणहून, सव्वासातच्या फेरीतून.
"अंगाच्या उबेत ठेवा, तासाच्या आत पोचवा,"
मीच सांगितलं होतं काल फोनवर,
दिवसाला दहाजणांना सांगते त्याच कोरड्या आवाजात.
खिडकीतून देताना तू वर पाहिलं नाहीस.
शर्ट काखेशी चुरगळलेला,
बाटलीला ताप.

इथे नावं नसतात.
डॉक्टर केंकरे स्वतः खोडतात ती, संशोधनाचा नियम.
तू एकशे चौदा. वय अडतीस.
काम : जहाजावर, इंजिनरूम.
लग्नाला वर्षं : नऊ.
पत्नीच्या तपासण्या : अकरा. तुझी : ही पहिली.
जुनी दुखापत, शस्त्रक्रिया, गालगुंड :
नाही, नाही, नाही.

सदतीस अंशांवर अर्धा तास ठेवलं,
घट्ट होतं ते पातळ होऊ दिलं.
मग काचेवर एक थेंब,
शेजारी लेटेक्सच्या मण्यांचा दुसरा.
दोन्ही मिसळले, आणि वाकले.

काय सांगू, रुझार
(घेतलंच शेवटी नाव),
पोहत होते रे! भरतीला शेवटे उसळावेत तसे.
पण प्रत्येकाच्या अंगाला मणी.
कुणाला दोन, कुणाला पाच,
डोक्याला, शेपटीला,
काही एकमेकांत गुंतून जागच्या जागी थरथरत.
मी डाव्या हाताने बटण दाबत गेले :
मणीवाला, मणीवाला, सुटा, मणीवाला.
शंभरात ब्याऐंशी.

शरीर लहानपणीच शिकून घेतं
आपलं कोण, भायलं कोण.
यादी बंद होते.
आणि हे जन्मतात नंतर, मिसरूड फुटताना,
यादीत नाव नसलेले, घरचेच.
म्हणून त्यांच्याभोवती बांध असतो,
आपल्या खाजणाला असतो तसा.

बाबा मानशीवर होता माझा.
ओहोटीला दार उघडायचं, भरतीला आपसूक मिटायचं.
खारं बाहेर, भात आत.
एका वर्षी कुर्ल्यांनी बांध पोखरला,
बोटभर भोक, एक रात्र.
तीन वर्षं त्या तुकड्यात काही पिकलं नाही.

तुझा बांध कधी फुटला, मला ठाऊक आहे.
मी होते की तिथे!
चॅपलमागचं भात कापलेलं शेत, फेस्ताची फायनल,
मी नऊ वर्षांची, मुठीत चणे.
शेवटची पेनल्टी, तू गोली.
तू उडाला नाहीस, उभाच राहिलास,
आणि बॉल कुठे लागला ते सगळ्या गावाने पाहिलं,
आधी हसलं, मग तुला खांद्यावर घेतलं.
तू दात आवळून हात हलवत होतास.
पुढचे आठ दिवस दुकानावर
पाय फाकवून चालत यायचास.

वीस वर्षं तावेर्नात ती गोष्ट फिरते,
दर फेरीला बॉल थोडा जोरात येतो.
फॉर्मवर मात्र : दुखापत, नाही.

जे कागदावर नाही ते मला माहीत नसतं.
हाही नियमच.

अकराला तू अहवाल न्यायला आलास.
पाकीट उघडलं नाहीस, उलटंपालटं केलंस.
"वायट?"
"दोतोर सांगतले," मी म्हटलं.
आणि मग, कशी कोण जाणे, जीभ सुटली :
"पेनल्टीचो उगडास आसा?"

तू हसलास. सतरा-अठराचा दिसलास क्षणभर.
मग हसू अर्ध्यात थांबलं,
दोन्ही तळवे आपसूक खाली आले, एकावर एक,
फ्रीकिकला भिंत करून उभे राहतात तसे.

मी फॉर्म खिडकीतून पुढे सरकवला. पेनही.
पहिलं 'नाही' खोडायला तुला वेळ लागला.

मागे एकशे पंधरा उभा होता,
दंड अंगाला घट्ट दाबून.